डॉलर नव्वदचा, हातात शहात्तर : लिलावातल्या विक्रीतून नेमके काय काय कापले जाते

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याचे एक विक्रेते जुनी एचएमटीची चावीची घड्याळे दुरुस्त करून ईबेवर लिलावाने विकतात. गिऱ्हाईक बहुतेक अमेरिकेतले. ६० डॉलरला गेलेल्या घड्याळाचे त्यांनी मनाशी धरलेले रुपये आणि बँकेत आलेले रुपये यांत दर वेळी तीन-चारशेचा फरक पडतो. फी १३ टक्क्यांच्या आसपास आहे हे त्यांना माहीत आहे आणि ती त्यांनी धरलेलीही असते. मग वरचे पैसे कोण खाते? शिवाय ईबे सोडून थेट पेपालवर पैसे घेतले तर परवडेल का, आणि घड्याळांबरोबर पोस्टाची तिकिटे आणि नाणीही लावावीत का, असे त्यांनी विचारले आहे.

मी लहान निर्यातदारांचे हिशेब बघतो आणि त्यांत जुन्या वस्तू विकणारे बरेच आहेत, त्यामुळे हा फरक माझ्या टेबलावर नेहमी येतो. तुमचे पैसे कोणी चोरत नाही. सगळे शुल्कपत्रकात लिहिलेले असते. पण ते एका ठिकाणी लिहिलेले नसते, आणि त्यातला एक मोठा भाग ‘फी’ या नावाने कुठेच दिसत नाही.

आधी तुमचेच घड्याळ घेऊ. हिशेब सोपा व्हावा म्हणून डॉलर ९० रुपये धरू, फी सरळ १३ टक्के, दर ऑर्डरमागची ठरावीक फी ४० सेंट, आणि गिऱ्हाईक ज्या राज्यात राहते तिथला विक्रीकर ८ टक्के. तुमच्या खात्याचे खरे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, ते स्टेटमेंटवरून घाला. बोली ६० ला थांबली, टपालखर्च तुम्ही १५ लावला. दोन्ही मिळून ७५. त्यावर ८ टक्के कर ६ डॉलर. गिऱ्हाइकाच्या कार्डावरून गेले ८१.

तुम्ही मनात काय करता? ६० चे १३ टक्के ७.८० गेले, ५२.२० उरले, त्यात टपालाचे १५ मिळवले, ६७.२०. गुणिले ९०, म्हणजे ६,०४८ रुपये.

प्रत्यक्षात १३ टक्के ६० वर लागत नाहीत, ८१ वर लागतात. ईबेची फी एकूण विक्रीच्या रकमेवर आहे, आणि त्या रकमेत टपालही येते आणि करही. कर तर तुमच्या हातात कधी येतच नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यांना बाहेरच्या विक्रेत्यांकडूनही विक्रीकर वसूल करायची मुभा दिली. त्यानंतर राज्याराज्यांनी कायदे करून ती जबाबदारी ईबेसारख्या बाजारपेठांवर टाकली. ईबे तो कर परस्पर गोळा करते आणि परस्पर भरते. पण फी मोजताना तो धरला जातो. म्हणजे जे पैसे तुम्ही पाहिलेच नाहीत त्यांवरही तुम्ही टक्केवारी देता. ८१ चे १३ टक्के १०.५३, अधिक ४० सेंट, एकूण १०.९३. कर वजा करून ७५ मधून एवढे गेले, उरले ६४.०७ डॉलर.

आता हे डॉलर रुपये होतात. भारतातल्या ईबे विक्रेत्याचे पैसे पेओनिअर या पैसे पोचवणाऱ्या सेवेमार्फत येतात, आणि रुपये होताना बाजारातल्या दरापेक्षा कमी दर मिळतो. फरक २ टक्के धरला तर ९० च्या जागी ८८.२० चा दर लागला. बँकेत आले ५,६५१ रुपये.

धरलेले ६,०४८, आलेले ५,६५१. फरक ३९७, म्हणजे तुमचे ते ‘तीन-चारशे’. यातले १७५ रुपये टपालावरच्या फीचे आहेत, ७० कराच्या रकमेवरच्या फीचे, ३६ ठरावीक फीचे आणि ११५ दराचे. एकही आकडा एकट्याने डोळ्यांत भरत नाही, म्हणून कोणी त्याच्यामागे लागत नाही. पण कर सोडून गिऱ्हाइकाने दिलेले ७५ डॉलर ६,७५० रुपयांचे होते. त्यातून १,०९९ गेले. घड्याळाच्या ५,४०० रुपयांच्या बोलीशी ताडून पाहा, २० टक्क्यांच्या वर कापले गेले. तुमच्या डोक्यात मात्र १३ आहे.

टपालावरची फी हा भाग विशेषतः बोचतो, कारण टपालात तुम्ही नफा घेत नाही. १५ डॉलर घेता, १५ डॉलर पोस्टाला किंवा कुरिअरला देता, आणि वर दोन डॉलर पदरचे. काही जण यावर उपाय म्हणून टपाल कमी दाखवून बोलीची सुरुवात वाढवतात, काही उलट करतात. फीच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, कारण बेरीज तीच. पूर्वी टपालावर फी नव्हती तेव्हा लोक एक डॉलरची वस्तू आणि वीस डॉलरचे टपाल लावायचे. ती पळवाट बंद करायलाच हा नियम आला. तेव्हा ‘फ्री शिपिंग’ लावावे की नाही हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या मानसिकतेचा आहे, फीचा नाही.

ही गुंतागुंत कशी झाली तेही सांगतो, कारण जुने विक्रेते अजून जुन्या आकड्यांनीच बोलतात. ईबेने २००२ मध्ये पेपाल दीड अब्ज डॉलरला विकत घेतले आणि पुढे अनेक वर्षे दोन बिले वेगवेगळी दिसायची : ईबेचे १० टक्के, आणि अमेरिकेतल्या विक्रेत्याला पेपालचे २.९ टक्के अधिक ३० सेंट. २०१५ मध्ये दोन्ही कंपन्या वेगळ्या झाल्या. मग ईबेने पैसे गोळा करायचे काम स्वतःकडे घेतले आणि २०२१ पर्यंत जवळजवळ सगळे विक्रेते त्या पद्धतीत आले. तेव्हा ‘आता पेमेंटची वेगळी फी नाही’ असे सगळीकडे ऐकू येत होते. वेगळी नाही हे खरे. ती मुख्य टक्केवारीत मिसळली, आणि तेव्हापासून टक्केवारी हळूहळू वर सरकते आहे. एकच आकडा झाल्यामुळे माणूस तो तपासत नाही, एवढाच काय तो फरक पडला.

आता पेपालचे. तुमचा विचार असा, की ओळखीच्या संग्राहकांना ईबेबाहेर थेट विकावे आणि १३ च्या जागी ४.४ टक्के द्यावेत. परदेशातून पैसे घेताना भारतीय खात्याला पेपालचा सर्वसाधारण दर ४.४ टक्के अधिक ३० सेंट असा आहे. ७५ डॉलरवर ३.६० गेले, ७१.४० उरले. फी झाली ३२४ रुपये आणि ती स्टेटमेंटवर ठळक दिसते. पण त्यानंतर दर लागतो. पेपाल आपल्या दरात बाजारभावापेक्षा ३ ते ४ टक्के फरक ठेवते. ४ धरले तर ७१.४० डॉलरचे ६,४२६ ऐवजी ६,१६९ रुपये मिळतील. हे २५७ रुपये कुठल्याही ओळीत ‘फी’ म्हणून छापलेले नसतात. फक्त ८६.४० असा एक दर छापलेला असतो आणि तो बघून कुणाला काही वाटत नाही. ३२४ आणि २५७ मिळून ५८१ रुपये, म्हणजे ४.४ नव्हे, ८.६ टक्के.

यावर हुशार माणूस म्हणेल, डॉलर खात्यातच राहू द्यावेत, दर चढला की काढावेत, किंवा त्याच डॉलरमधून परदेशातून सुटे भाग मागवावेत. भारतात ते जमत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे निर्यातीचे असे पैसे साठवून ठेवता येत नाहीत, ते बँकेत यावेच लागतात. पेपालचे भारतीय खाते म्हणूनच रोजच्या रोज आपोआप रिकामे होते. कधी काढायचे, कुठल्या दराने काढायचे, यातले काहीच तुमच्या हातात नाही. अमेरिकेत बसलेला विक्रेता डॉलरमध्ये विकतो आणि डॉलरमध्येच खर्चतो, त्याला दराची ही कात्री लागतच नाही. त्याने लिहिलेले फीचे सल्ले वाचून आपण हिशेब करतो आणि तिथेच फसतो.

दर तपासायची सोपी रीत अशी. एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी डॉलरचा संदर्भ दर जाहीर करते. जुलै २०१८ पासून हे काम रिझर्व्ह बँकेकडून तिच्याकडे आले. तुमच्या बँकेत जमा झालेली रुपयांची रक्कम भागिले सेवेने रूपांतरित केलेले डॉलर, हा झाला तुमचा खरा दर. तो त्या दिवशीच्या संदर्भ दराशेजारी लिहा. दिवसाच्या चढउताराने थोडा फरक राहील, पण दहा-बारा व्यवहार मांडले की सेवा सरासरी किती टक्के ठेवून घेते ते उघडे पडते. वेबसाइटवरचे ‘अत्यल्प शुल्क’ वगैरे वाचत बसण्यापेक्षा हे बरे.

पेपालवर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’, म्हणजे ओळखीतले खासगी पैसे, म्हणून पाठवतो म्हणजे फी लागणार नाही, असा सल्ला तुम्हाला परदेशी गिऱ्हाईकच देईल. भारतीय खात्यात तसले वैयक्तिक पैसे घ्यायची सोय २०१० पासून बंद आहे. शिवाय ईबेवर भेटलेल्या गिऱ्हाइकाला बाहेर ओढणे ईबेच्या नियमांत बसत नाही, आणि खाते गेले तर वर्षानुवर्षे साठवलेला फीडबॅक जातो. माझे मत विचाराल तर ओळखीच्या संग्राहकाने स्वतःहून तुम्हाला बाहेर गाठले तरच थेट व्यवहार करा, आणि तेव्हाही ८.६ टक्के धरून.

बँकेतून थेट स्विफ्टने, म्हणजे परदेशी बँकेतून आपल्या बँकेत, पैसे मागवायचे म्हटले तर लहान रकमेला ते परवडतच नाही. मधली बँक आपले डॉलर कापते, तुमची बँक आपले. शिवाय परकीय चलन बदलण्यावर जीएसटी असतो, तो किमान २५० रुपये मूल्य धरून १८ टक्क्यांनी, म्हणजे कमीत कमी ४५ रुपये. दहा घड्याळांचा एकगठ्ठा घेणारा व्यापारी भेटला तर हा मार्ग बघा, एका घड्याळाला नको.

आता ज्या खर्चाचा हिशेब कोणीच ठेवत नाही तो सांगतो : परत आलेला माल. ऑक्टोबर २०१९ पासून पेपालचे धोरण असे आहे, की तुम्ही गिऱ्हाइकाला पैसे परत केले तरी मूळ व्यवहारावरची फी तुम्हाला परत मिळत नाही. वरचेच ७५ डॉलर घ्या. तुमच्या बँकेत ६,१६९ आले. आठवड्याने गिऱ्हाइकाने घड्याळ परत केले. तुमचे पेपाल खाते तर केव्हाच रिकामे झालेले. आता पुरे ७५ डॉलर द्यायचे. ते रुपयांतून विकत घ्यावे लागले आणि या वेळी दर ४ टक्क्यांनी वरचा लागला, तर ७,०२० रुपये जातात. विक्री शून्य, घड्याळ तुमच्याकडेच, आणि ८५१ रुपये गेले. जाताना-येतानाचे टपाल त्यात धरलेलेच नाही. शक्य असेल तर ज्या दिवशी नव्या ऑर्डरचे डॉलर खात्यात आले असतील त्याच दिवशी परतावा करा, म्हणजे निदान दुसऱ्यांदा रूपांतर टळते.

ईबेवर परिस्थिती थोडी बरी आहे. नीट परतावा केला तर टक्केवारीची फी परत जमा होते, ठरावीक फी जाते. पण वाद ईबेपर्यंत गेला आणि निकाल तुमच्या विरुद्ध लागला तर फीवर पाणी सोडावे लागते. आणि गिऱ्हाइकाने थेट आपल्या कार्डाच्या बँकेकडे तक्रार करून रक्कम खेचून घेतली व तुम्ही हरलात, तर वर २० डॉलरचा दंड. म्हणजे १,८०० रुपये, एचएमटीच्या एका साध्या ‘जनता’ घड्याळाची जवळजवळ खरेदी.

म्हणून घड्याळवाल्यांना मी फीच्या आधी वर्णनाबद्दल बोलतो. एचएमटीच्या घड्याळांत वाद कशावरून होतात हे तुम्हाला सांगायला नको. डायल पुन्हा रंगवलेली असते. ‘पायलट’ लिहिलेली काळी डायल दुसऱ्याच केसमध्ये बसवलेली असते. काटे तिसऱ्याचे. इथे दुरुस्तीवाल्याकडे याला कोणी फसवणूक म्हणत नाही, घड्याळ नवे केले म्हणतात. तिकडचा संग्राहक मात्र भिंग घेऊन सहा आकड्याखालची बारीक अक्षरे वाचतो आणि ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणून परत पाठवतो. तेव्हा डायल रीडायल आहे, काच नवी आहे, मुकुट (चावी द्यायचे बटण) मूळचा नाही, हे वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत लिहा आणि डायलचा जवळून काढलेला फोटो पहिला लावा. बोली चार-पाच डॉलरने कमी येईल. एका परताव्याचे साडेआठशे वाचले तर असे दोन लिलाव भरून निघतात.

परत येणाऱ्या मालाचे आणखी एक कारण अलीकडे वाढले आहे. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरखालच्या पार्सलांची आयातशुल्कातली माफी थांबवली. कुरिअरवाल्याने दारात शुल्क मागितले की काही गिऱ्हाइके पार्सल नाकारतात. शुल्क कोण भरणार हे लिस्टिंगमध्ये, म्हणजे ईबेवरच्या वस्तूच्या पानावर, स्पष्ट लिहा, आणि शक्यतो आधीच भरून माल पाठवा. नाकारलेल्या पार्सलवर वाद घालून गिऱ्हाईक परत मिळत नाही.

नव्या खात्यांना एक सोसावे लागते : पैसे काही दिवस अडकवून ठेवतात, माल पोचेपर्यंत किंवा ठरावीक मुदतीपर्यंत. ही फी नाही, पण तुम्ही घड्याळे उधारीवर उचलत असाल तर त्या दिवसांचे व्याज तुमच्या डोक्यावर बसते. खाते जुने झाले की हे आपोआप कमी होते.

लिलावाची गोष्ट अशी की शेवटची किंमत तुमच्या हातात नसते. नगावर किंमत लावणारा दुकानदार फी वाढली की किंमत वाढवतो. तुमच्या हातात फक्त सुरुवातीची बोली आहे. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू द्यावी लागत नाही अशी, ठेवता येते, पण ईबे तिचे वेगळे पैसे घेते आणि घड्याळ विकले गेले नाही तरी घेते, म्हणून ६० डॉलरच्या मालाला तो उद्योग करू नका. सुरुवातीची बोलीच नीट लावा.

ती अशी काढा. वरच्या आकड्यांत १३ टक्के फी, तीही करासकट रकमेवर, म्हणजे तुमच्या दृष्टीने १४.०४ टक्के. बोली आणि टपाल मिळून येणाऱ्या प्रत्येक डॉलरमधले जवळजवळ ८६ सेंट उरतात, आणि ते ८८.२० च्या दराने आले की ७६ रुपयांना थोडे कमी पडतात. तुमच्यासाठी डॉलर ९० चा नाहीच, ७६ चा आहे. हा एक आकडा दुकानात लिहून ठेवा आणि सगळे गुणाकार त्यानेच करा. समजा घड्याळ, सर्व्हिसिंग, पट्टा आणि डबी मिळून २,८०० पडले, किमान ५०० सुटायला हवेत, आणि टपाल १,३५०. एकूण ४,६५०. ठरावीक फीचे ३५ मिळवा, ४,६८५. याला ७५.८ ने भागा, ६१.८ डॉलर. त्यातले १५ टपालाचे वजा केले की ४७ डॉलर. याच्या खाली बोली सुरू करायची नाही. ९.९९ ला सुरू केले की बोलीवाले जमतात हे खरे आहे, पण ते ‘पायलट’सारख्या मागणीच्या घड्याळाला. साध्या ‘जनता’ला दोन बोलीवाले आले नाहीत तर ती दहा-बारा डॉलरला जाते आणि तुम्ही ती द्यायला बांधील असता.

तिकिटांचे गणित वेगळे आहे, कारण तिथे ठरावीक फीच मारते. पेपालच्या दराने ३ डॉलरच्या लॉटवर (एकदम विकायच्या गठ्ठ्यावर) ४३ सेंट जातात, म्हणजे १४ टक्क्यांच्या वर. तीच फी १०० डॉलरवर पावणेपाच टक्के होते. तिकिटे सुटी लावू नका, विषयवार गठ्ठे करा. एकाच गिऱ्हाइकाने चार लॉट जिंकले तर त्याने लगेच पैसे भरू नयेत, तुमच्या एकत्र बिलाची वाट पाहावी असे लिस्टिंगमध्येच लिहा. ठरावीक फी ऑर्डरमागे आहे, लॉटमागे नाही. चार वेळा भरले तर चारदा कापतात, एकदा भरले तर एकदा. पेमेंटची फी म्हणून वेगळी रक्कम गिऱ्हाइकाकडून मागायची मात्र नाही, ईबेवर त्याला मनाई आहे.

नाण्यांबाबत फीच्या आधी कायदा बघा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेष ठरतात आणि ती तुम्हाला देशाबाहेर विकता येत नाहीत. व्हिक्टोरियाचा रुपया परदेशात पाठवायचा विचारही करू नका. तो देशातल्याच संग्राहकाला द्या.

देशातल्या विक्रीला हा सगळा ताप नाही. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेतले जात नाही, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप गटातल्या लिलावाला क्यूआर कोड पुरतो. पेमेंट गेटवेची लिंक पाठवलीत तर मात्र साधारण २ टक्के आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के. ५,००० च्या घड्याळावर ११८ रुपये. जीएसटी नोंदणी असेल तर त्यातले १८ रुपये इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतात, नसेल तर नाही.

तुम्ही मागच्या तीन महिन्यांचे स्टेटमेंट काढा आणि प्रत्येक ऑर्डरपुढे फक्त दोन आकडे लिहा : गिऱ्हाइकाने कर सोडून दिलेले डॉलर आणि बँकेत आलेले रुपये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. ७५-७६ येत असेल तर सगळे ठीक आहे, फक्त सुरुवातीच्या बोली सुधारा. ७२ च्या खाली येत असेल तर परतावे, जाहिरातीचे पैसे किंवा दर यांपैकी काहीतरी जास्त कापते आहे. ते आकडे पाठवा, कुठली ओळ फुगली आहे ते बघू.